पाण्याच्या टाकीत शाई

कौशल्याबाई शिर्के यांच्या घरात प्रत्येक वस्तूला नंबर आहे. शेगडीला आहे, मिक्सरला आहे, गॅलरीतल्या वॉशिंग मशीनला आहे. पांढरा स्टिकर, काळा मार्कर, आणि ज्या दिवशी वस्तू घरात आली त्या दिवशीची तारीख. यजमान उदयसिंहराव आल्यागेल्याला सांगतात, "घरात बिननंबरी मी एकटाच राहिलोय. तरी रोज सकाळी आरशात मानेच्या मागे बघून घेतो."

ही सवय नंदेसरीची. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा घेऊन कौशल्याबाई तिथल्या एका रसायन कारखान्यात लागल्या तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि त्या खात्यातल्या एकट्या बाई होत्या. बाईमाणूस शिडीवर कसं चढणार, म्हणून दोन वर्षं त्यांना टेबलावर बसवलं आणि हातात एक रजिस्टर दिलं. कारखान्यातलं प्रत्येक मापक, प्रत्येक व्हॉल्व्ह, त्याचा नंबर, त्याची जागा, सगळं लिहून काढायचं. अकराशे चाळीस नोंदी झाल्या. त्या संपल्या तेव्हा शिडीवर चढणाऱ्यांनाही कुठलं यंत्र कुठे आहे हे त्यांनाच विचारावं लागायला लागलं, आणि मग शिडीही मिळाली. तिथला नियम साधा होता. यंत्र जळतं, गंजतं, भंगारात जातं. त्याच्या जागी नवीन येतं. नंबर मात्र तोच राहतो. पस्तीस वर्षं त्यांनी हा नियम पाळला. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी, एका रविवारी सकाळी, याच नियमाने त्यांना छत्तीस घरांसमोर तोंडघशी पाडलं.

शिर्क्यांची सोसायटी मांजलपुरात आहे. तीन ब्लॉक, छत्तीस फ्लॅट. नळाचं पाणी पहाटे चाळीस मिनिटं येतं, जमिनीखालच्या टाकीत साठतं आणि मोटर ते गच्चीवर चढवते. टाकीत पाणी किती आहे हे बघायची पद्धत अशी, की वॉचमनने झाकण उचलायचं, आत टॉर्च मारायची आणि "छे" किंवा "नथी", म्हणजे आहे किंवा नाही, यांपैकी एक गुजरातीत सांगायचं. गेल्या वर्षी मे महिन्यात तो टॉर्च न मारताच "छे" म्हणाला. मोटर कोरडी चालली आणि जळली. दोन दिवस छत्तीस घरं टँकरच्या पाण्यावर राहिली. त्या संध्याकाळी बादल्यांच्या रांगेत कोणीतरी अगदी मायेने म्हणालं, "कौशल्याबेन, तमे तो आखी जिंदगी टांकीओ ज सांभाळी ने?"

कौशल्याबाईंनी बादली वर आणून ठेवली, वही काढली आणि टाकीचं चित्र काढायला बसल्या.

दिवाळीपर्यंत टाकीच्या तळाशी पाण्याच्या दाबावरून खोली सांगणारा एक मापक बसला. त्याची वायर पाइपाच्या कडेकडेने पहिल्या मजल्यावर, शिर्क्यांच्या मधल्या खोलीत आली. मुलगा समरजित नोकरीसाठी हैदराबादला गेला तेव्हा आपला जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेला होता. त्याच्या पडद्यावर एक पान उघडं राहायला लागलं. पानावर एकच मोठा आकडा, सेंटिमीटरमध्ये, आणि खाली वेळ. मोटर त्यांनी मुद्दाम याला जोडली नाही. बघायचं यंत्र वेगळं आणि चालवायचं वेगळं, हाही कारखान्यातलाच नियम.

अडचण एवढीच होती, की तो आकडा फक्त शिर्क्यांच्या घरात दिसत होता. सकाळी सहापासून फोन सुरू व्हायचे. "कौशल्याबेन, केटलुं?" कोणी बेल वाजवायचं, कोणी खालून हाक मारायचं. उदयसिंहराव महापालिकेच्या बागखात्यातून निवृत्त झालेले. झोपेचे पक्के. ते म्हणाले, "पणजोबा सरकारच्या पागेत घोडे मोजायचे. त्यांना निदान घोडे तरी सहाला उठवत नव्हते."

सोसायटीचे सेक्रेटरी किरीटभाई अमीन यांनी यावर आपला तोडगा काढला. त्यांनी एका कंपनीचं पत्रक आणलं. कंपनी स्वतःचा मापक बसवणार, आकडा प्रत्येकाच्या मोबाईलवर देणार, करार तीन वर्षांचा. टाकीत दोन मापक कशाला, म्हणून शिर्क्यांचा काढून टाकायचा. पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभेत मंजुरी.

कौशल्याबाई पत्रक वाचून म्हणाल्या, "रविवारपर्यंत थांबा. सभेत प्रत्येकाच्या मोबाईलवर माझं पान उघडेल. नाही उघडलं, तर माझं यंत्र मी स्वतः काढून देईन."

"लखी लउं?" किरीटभाईंनी विचारलं.

"लिहा."

आणि किरीटभाईंनी ते सोसायटीच्या नोंदवहीत खरोखरच लिहून घेतलं.

सोमवारी समरजितचा फोन आला. त्याचं म्हणणं, "आई, एवढा खटाटोप कशाला? एखाद्या फुकटच्या साइटवर आकडा टाक. तिथून बघतील सगळे."

"टाकी खाली आहे, कॉम्प्युटर वर आहे आणि किरीटभाई समोरच्या ब्लॉकमध्ये. मग आकडा आधी समुद्रापार जाऊन यायचा?"

"सगळ्यांचा तसाच जातो, आई."

"जाऊ दे सगळ्यांचा. तू मला फक्त राउटरचा पासवर्ड सांग."

पासवर्ड त्यालाही माहीत नव्हता. तो राउटरच्या पोटाखाली छापलेलाच होता, कंपनीतून आला तसा. कौशल्याबाईंनी सगळ्यात आधी तो बदलला. मग दोन दिवस त्या राउटरच्या पानांवर फिरत राहिल्या. न कळलेला शब्द वहीत लिहायचा, कळला की पुढे खूण करायची. बुधवारपर्यंत त्यांच्या डोक्यात चित्र तयार झालं. राउटर हा घराच्या उंबऱ्यावर बसतो. आतल्यांना बाहेर जाऊ देतो, पण बाहेरून आपणहून आलेल्या कोणालाही आत घेत नाही. त्याला एक हुकूम लिहून द्यावा लागतो, की बाहेरून कोणी ८०९० या दारावर आलं, तर त्याला घरातल्या अमुक यंत्राकडे नेऊन सोड. दुसऱ्या कुठल्याही दारावर कोणी आलं, तर पूर्वीसारखंच परत पाठव. आतल्या प्रत्येक यंत्राला राउटरने पत्ता दिलेला असतो. कॉम्प्युटरच्या पत्त्याच्या शेवटी सात होता. हुकुमात सात लिहिला.

वायफाय बंद करून, म्हणजे बाहेरून आल्यासारखं, सुनेच्या मोबाईलवर पान उघडून पाहिलं. उघडलं नाही.

कारखान्यात आकडा चुकला की मापकाला शिव्या घालत नाहीत, दोन्ही टोकांना मोजतात. कौशल्याबाईंनी दोन्ही टोकांना मोजलं. राउटर सांगत होता की माझा बाहेरचा पत्ता शंभराने सुरू होतो. बाहेरची साइट सांगत होती की तुम्ही भलत्याच पत्त्यावरून आला आहात. म्हणजे मध्ये आणखी कोणीतरी बसलेलं होतं. त्यांनी इंटरनेटवाल्या हार्दिकला बोलावलं. हार्दिक तिशीतला, गळ्यात वायरचं वेटोळं, दर दोन मिनिटांनी वाजणारा फोन.

"बेन, ए तो बधाने एक ज सरनामुं," तो म्हणाला. दोनशे घरं मिळून बाहेरचा पत्ता एकच. त्यावर बाहेरून कोणी आलं तर दोनशेपैकी कोणाकडे पाठवायचं हे कंपनीला कसं कळणार? स्वतंत्र पत्ता हवा असेल तर अर्ज करावा लागतो.

"अर्ज दे," कौशल्याबाई म्हणाल्या.

अर्ज तिथेच भरून झाला. जाता जाता हार्दिकने राउटरकडे बोट दाखवलं. तुमचे हे हुकूम वगैरे राहू द्या, तो म्हणाला, यात एक सोय आहे. एका कॉम्प्युटरचं नाव टाकायचं, की बाहेरचं सगळंच्या सगळं थेट त्याच्याकडे. "करी दउं? एक मिनिटनुं काम. बधुं खुल्लुं."

"बधुं नथी जोइतुं. एक ज."

"पण बेन, सहेलुं पडे."

"हे बघ हार्दिक, ॲसिडच्या टाकीतून वाटीभर नमुना काढायचा असेल तर आम्ही टाकीला छोटी तोटी लावायचो. टाकीचं झाकण नव्हतो काढत."

हार्दिकला ॲसिडचं काही देणंघेणं नव्हतं. त्याने सवयीने आपल्या मोबाईलवरून राउटर उघडायचा प्रयत्न केला, आणि त्याचा चेहरा पडला. "पासवर्ड बदली नाख्यो? तो मारे अंदर आववुं होय तो?"

"बेल वगाडजो," कौशल्याबाई म्हणाल्या.

गुरुवारी दुपारी स्वतंत्र पत्ता आला. पूर्वी, म्हणजे सून, रेसकोर्सजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. मधल्या सुट्टीत तिने पान उघडलं आणि फोटो पाठवला: "आई, १५२!" पडद्यावरही १५२ होते. संध्याकाळी कौशल्याबाईंनी नवा स्टिकर काढला, त्यावर कॉम्प्युटरचा पूर्ण पत्ता लिहिला, शेवटी सात, आणि डब्याच्या कपाळावर ठसठशीत चिकटवला. शुक्रवारी पाहिलं, शनिवारी पाहिलं, दोन्ही दिवस वायफाय बंद करून. पान उघडत होतं. पानाचा बाहेरचा पत्ता एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तो खालच्या फलकावर लावला.

रविवारी सकाळी साडेसातला वीज गेली आणि आठला आली. कौशल्याबाईंनी कॉम्प्युटर चालू केला. पान आलं, आकडा आला, १४१. चहा घेतला, साडी बदलली आणि त्या दहाच्या सभेला खाली उतरल्या.

सभा पार्किंगमध्ये होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एका खांबाला बांधलेला पंखा, कागदी बशांत शेव-उसळ. किरीटभाईंनी नोंदवही उघडून कौशल्याबाईंचं वाक्य मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "चालो, खोलो बधा."

तीस-बत्तीस माणसांनी एकदम मोबाईल काढले. पान उघडलं, सगळ्यांचं उघडलं. पण त्यावर टाकीचा आकडा नव्हता. चार उभ्या पट्ट्या होत्या, काळी, निळी, गुलाबी, पिवळी. निळी पट्टी तळाला गेली होती आणि शेजारी लाल अक्षरांत सूचना होती, की शाई संपत आली आहे.

मग मागच्या रांगेतून पहिलं हसू आलं.

"कौशल्याबेन," किरीटभाई चष्मा कपाळावर चढवून म्हणाले. त्यांचं बालपण मराठी शेजारात गेलेलं, थट्टा करायची असली की ते मराठीत येतात. "टाकीत पाणी नाही भरलं, शाई भरली?"

"तो तो नाहीने बधा रंगीन निकळशे!" कोणीतरी अंघोळीची जोड दिली, आणि पंख्याचा आवाज ऐकू येईनासा झाला. उदयसिंहराव तिसऱ्या रांगेत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

कौशल्याबाईंनी किरीटभाईंच्या हातातून मोबाईल घेतला आणि ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मोबाईल परत दिला.

"वीस मिनिटं द्या."

"बेन, हवे शुं? आ तो नोंध छे. तमे ज लखाव्युं छे."

"सभा संपेपर्यंत रविवार संपत नाही. पार्किंगचा विषय आधी घ्या."

पार्किंगचा विषय चाळीस मिनिटांच्या आत कधीच मिटलेला नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. किरीटभाईंनाही. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि नाइलाजाने पुढचं पान उलटलं.

जिन्यात पूर्वीने त्यांना गाठलं. "आई, तो आपला प्रिंटर आहे! प्रश्नपत्रिका छापायचा. निळी शाई मी परवाच आणणार होते. कोणी हॅक बिक केलं का?"

"नाही. कोणी केलं असतं तर शाई दाखवत बसलं नसतं." त्या एक पायरी थांबल्या. "उलट चांगलं झालं. काहीच उघडलं नसतं तर पत्ता गेला, दार गेलं की कॉम्प्युटर गेला, काय काय शोधत बसलो असतो? बाहेरचा पत्ता बरोबर आहे. दार उघडं आहे. माणूस घरात येतोय. फक्त चुकीच्या खोलीत जातोय."

राउटरच्या पानावर घरातल्या यंत्रांची यादी होती. सातवर प्रिंटर होता, आणि प्रिंटरचंही शाई दाखवणारं स्वतःचं एक पान असतं. कॉम्प्युटर होता चारवर.

कौशल्याबाईंनी यादी पाहिली, मग कॉम्प्युटरच्या कपाळावरचा स्टिकर पाहिला. त्यावर त्यांच्याच अक्षरात सात होता.

"आई?"

"साडेसातला वीज गेली. आली तेव्हा प्रिंटर आपला आपण चालू झाला. कॉम्प्युटर मी नंतर चालू केला. राउटर सगळं विसरला होता. आधी आला त्याला आधी नंबर दिला."

"म्हणजे हा नंबर कायमचा नसतोच?"

"नसतो." त्यांनी खुर्ची ओढली. "मी पस्तीस वर्षं यंत्रांना नंबर दिले, पूर्वी. हा मला नंबर वाटला. ही तर सिनेमाची तिकिटं आहेत. आज या खुर्चीवर हा, उद्या तो."

"पण सकाळी तर तुम्ही पाहिलं होतं."

"इथे पाहिलं. याच पडद्यावर. बाहेरून नाही." हे त्या जरा हळू म्हणाल्या. कारखान्यात कोणी शिकाऊ पोरगं यंत्राजवळच उभं राहून 'चालतंय' म्हणालं, तर त्या त्याला कंट्रोल रूमपर्यंत परत पाठवत असत.

उपाय राउटरमध्येच होता, एका पानापलीकडे. प्रत्येक यंत्रावर कारखान्यातूनच कोरून आलेला एक लांबलचक क्रमांक असतो, आकडे आणि अक्षरं मिळून बारा. तो वाटला जात नाही आणि बदलत नाही. राउटरला सांगता येतं, की हा क्रमांक दिसला की त्याला सातच द्यायचा, आणि सात दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही. कौशल्याबाईंनी बारा अक्षरं वाचली, पूर्वीने टाकली. मग पूर्वीने वाचली आणि कौशल्याबाईंनी तपासली. सेव्ह केलं. प्रिंटर बंद केला, राउटर बंद करून चालू केला, कॉम्प्युटर चालू केला. यादीत कॉम्प्युटर सातवर आला. पूर्वी दाराकडे निघाली.

"थांब. मेन स्विच पाड."

"आई, खाली सगळे वाट बघतायत!"

"बघू देत. पाड."

घर बंद पडलं. फ्रिजची घरघर थांबली. कौशल्याबाईंनी घड्याळात दोन मिनिटं मोजली. मग वीज आणली, आणि या वेळी प्रिंटर मुद्दाम आधी चालू केला. त्याचे दिवे लागेपर्यंत थांबल्या. त्यानंतर कॉम्प्युटर. प्रिंटरला चार मिळाला, कॉम्प्युटरला सात. पूर्वीने वायफाय बंद करून पान उघडलं. १३८.

"आता चल," कौशल्याबाई म्हणाल्या.

खाली बी ब्लॉकच्या दुसऱ्या गाडीवर वाद रंगात आला होता. कौशल्याबाई येताना दिसल्या तसा तो आपोआप मंदावला. किरीटभाईंनी कोणी सांगायची वाट न पाहता मोबाईल काढला. बाकीच्यांनीही काढले. या वेळी कोणी हसलं नाही, कारण पानावर हसण्यासारखं काही नव्हतं. एक आकडा होता आणि खाली वेळ होती.

"एकसो आडत्रीस," किरीटभाईंनी वाचलं. मग सेक्रेटरीपदाला शोभेल असा प्रश्न त्यांनी विचारला. "पण बेन, आ साचुं छे एनी शी खातरी? हमणां तो शाही बतावतुं हतुं."

"प्रश्न बरोबर आहे," कौशल्याबाई म्हणाल्या. "बांबू आणा."

वॉचमनने पंप-खोलीतून बांबू आणला. त्यावर टेपने सेंटिमीटरच्या खुणा कौशल्याबाईंनीच दिवाळीत केल्या होत्या. अर्धी सभा टाकीभोवती जमली. झाकण उचललं. बांबू धरायचा मान किरीटभाईंनी स्वतःकडे घेतला. आत घातला, टेकवला, वर काढला. ओली खूण एकशे चाळीसवर होती.

"जुओ!" ते ओरडले. "तमारुं यंत्र बे सेंटिमीटर खाई जाय छे!"

"बांबू तिरपा धरलात. तिरपा बांबू जास्त भिजतो. सरळ धरा."

किरीटभाईंनी इकडे तिकडे पाहिलं, धोतर नेसल्यासारखे पाय फाकवून उभे राहिले आणि बांबू ओळंब्यात धरला. वर काढला. तीन जण वाकून खूण वाचायला लागले. तिघांनी एकच आकडा सांगितला. एकशे अडतीस.

कराराचं पत्रक त्या दिवशी मताला आलंच नाही. किरीटभाईंनी ते घडी करून नोंदवहीत मागे ठेवलं. मापक आहे तोच राहील, असं एका ओळीत लिहिलं, आणि मग कौशल्याबाईंचं आधीचं वाक्य, नाही उघडलं तर काढून देईन, ते खोडायला पेन टेकवलं.

"गिरगटून खोडू नका," कौशल्याबाई म्हणाल्या. "एकच रेघ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी तारीख आणि सही."

"केम? सारुं नथी लागतुं."

"चांगलं दिसायला नोंद नसते."

किरीटभाईंनी एक रेघ मारली आणि सही केली. वर आल्यावर उदयसिंहराव एवढंच म्हणाले, "आता सहाला फोन येणार नाहीत ना?"

"नाही."

"मग मी झोपायला मोकळा."

कौशल्याबाई मधल्या खोलीत गेल्या. स्टिकर उपटून नवा लावणं सोपं होतं. त्यांनी तो उपटला नाही. पट्टी धरून जुन्या पत्त्यावर एक सरळ रेघ मारली. त्याखाली कॉम्प्युटरचा कारखान्यातून आलेला बारा अक्षरांचा क्रमांक लिहिला, शेजारी रविवारची तारीख घातली आणि सही केली. मग वहीत पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेसमोर लिहिलं: मेन पाडणे. प्रिंटर आधी. तपासणी बाहेरून.